न्यूयॉर्कमध्ये रॉक म्युझिकल स्वस्तात बघायचंय? मग असं करा

न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे येणारे पाहुणे ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी, म्हटलं की ‘लायन किंग’चंच नाव घेतात. मी मात्र त्यांना ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे रॉक म्युझिकल, म्हणजे रॉक संगीतावरचं संगीत नाटक, बघायचा आग्रह करते. फुलांच्या दुकानातलं एक रोपटं माणसाचं रक्त मागतं आणि पिऊन पिऊन अवाढव्य होतं, अशी विचित्र गोष्ट. संगीत साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलचं. मूळ प्रयोग 1982चा. 2019 मध्ये ते पश्चिम 43व्या रस्त्यावरच्या वेस्टसाइड थिएटरात नव्याने उभं राहिलं. ही इमारत एके काळी चर्च होती. खुर्च्या 270च्या आसपास, त्यामुळे मागे बसलं तरी नटांचे चेहरे नीट दिसतात. अशा नाट्यगृहात महागडी खुर्ची घ्यायचं काहीच कारण नाही.

आधी वार ठरवा. मंगळवार ते गुरुवार सवलत मिळायची शक्यता जास्त. शनिवारची रात्र आणि नाताळचा आठवडा सोडून द्या.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे टाइम्स स्क्वेअरमधली टीकेटीएस ही सवलतीच्या तिकिटांची खिडकी. 47व्या रस्त्यापाशी लाल काचेच्या पायऱ्या आहेत, त्यांच्याखाली. 1973पासून इथे उरलेली तिकिटं साधारण 20 ते 50 टक्के सवलतीत विकतात. वर प्रत्येक तिकिटामागे थोडं सेवाशुल्क. त्यांच्या अ‍ॅपवर चालू यादी दिसते, ती गाडीत बसल्या बसल्याच बघा आणि तीन नावं पक्की करा. खिडकीशी पोचल्यावर घरच्यांची चर्चा सुरू झाली की मागचे लोक वैतागतात, आणि ते बरोबरच आहे. खिडकी उघडते तेव्हा गर्दी असते. नाट्यगृहं दिवसभर थोडी थोडी तिकिटं सोडत असतात, त्यामुळे उशिरा जाणाऱ्यालाही चांगली जागा मिळू शकते. पैसे देण्याआधी एवढं विचारा: त्या खुर्चीवरून रंगमंचाचा काही भाग झाकला जातो का? आणि ते तिकीट जपून ठेवा. सात दिवसांच्या आत ते दाखवलं तर पुढच्या खरेदीला रांग लावावी लागत नाही. पंधरा दिवसांसाठी आलेल्या आईबाबांना याचा फार उपयोग होतो.

दुसरा मार्ग सोडतीचा. 1996 साली ‘रेंट’ हे रॉक म्युझिकल ब्रॉडवेवर आलं तेव्हा पहिल्या दोन रांगा 20 डॉलरला ठेवल्या होत्या. त्यासाठी तरुण मुलं रात्रभर फुटपाथवर बसायला लागली, म्हणून पुढे सोडत सुरू झाली. आता ती बहुतेक ठिकाणी फोनवरच होते. बऱ्याच नाटकांची नावनोंदणी आदल्या दिवशी असते. नंबर लागला तर पैसे भरायला थोडाच वेळ मिळतो, काही ठिकाणी तर तासभरच. ईमेलवर लक्ष ठेवा. पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा, कारण तिकीट घेताना ओळखपत्र मागतात. एका नावावर जास्तीत जास्त दोन तिकिटं. चौघांनी शेजारी बसायचंच असेल तर सोडतीच्या नादी न लागता खिडकी गाठा.

‘रश’ म्हणजे त्या दिवशीची राखून ठेवलेली स्वस्त तिकिटं. ब्रॉडवेची तिकीटखिडकी बहुधा सकाळी 10ला उघडते, रविवारी 12ला. प्रत्येक नाटकाचे नियम वेगळे, म्हणून आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर वाचून घ्या. पूर्ण दराचं तिकीट काढायचं असलं तरी खिडकीवरच जा, ऑनलाइनचं जादा शुल्क वाचतं.

इथेच राहणाऱ्यांनी टीडीएफचं सभासदत्व जरूर बघावं. टीकेटीएस चालवणारी हीच ना-नफा संस्था. पूर्णवेळ विद्यार्थी, शिक्षक, 62 वर्षांवरचे निवृत्त अशा लोकांना वर्षाची वर्गणी भरून फार कमी दरात तिकिटं मिळतात. खुर्ची निवडता येत नाही. मी शाळेत शिकवते, म्हणून मला हे मिळालं, आणि एरवी ज्यांच्या वाटेला गेले नसते अशी कितीतरी नाटकं त्यामुळे बघून झाली.

पुढच्या रांगेत ड्रम्सचा आवाज छातीत घुमतो. आजीआजोबा सोबत असतील तर मधल्या किंवा मागच्या रांगा मागा. आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा. वेस्टसाइडपासून पेन स्टेशन चालत वीसेक मिनिटांवर आहे.