परदेशात असताना ट्रॅव्हल ई-सिम नव्या फोनवर कसं घ्यावं

फोन बदलताना जुन्यातलं ट्रॅव्हल ई-सिम, म्हणजे परदेशात इंटरनेटसाठी काही दिवसांपुरतं घेतलेलं ई-सिम, डिलीट करायला निघाला असाल, तर आधी थांबा. दुबईत मी नेमकं तेच केलं. देऱ्यातल्या एका दुकानातून नवा फोन घेतला, रात्री हॉटेलवर येऊन जुन्यातलं ई-सिम काढून टाकलं आणि ईमेलमधला क्यूआर कोड नव्या फोनने स्कॅन केला. कोड आधीच वापरलेला आहे, एवढंच स्क्रीनवर आलं. पॅकचे सहा दिवस बाकी होते. कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. तोवर लॉबीतून हलता येईना, कारण नकाशा आणि टॅक्सीचं अ‍ॅप दोन्ही हॉटेलच्या वायफायवरच चालत होतं.

प्लास्टिकचं सिम काढलं तरी हातात राहतं. ई-सिम ही फोनमधल्या चिपवर उतरवलेली माहिती असते आणि पुष्कळ ट्रॅव्हल ई-सिमचा कोड एकदाच चालतो. म्हणून दोन-तीन दिवसच उरले असतील आणि जुना फोन चालत असेल, तर हलवाहलव करूच नका. जुना फोन बॅगेत ठेवा, त्याचा हॉटस्पॉट लावा आणि नवा फोन त्यावर वापरा. सोबत पॉवर बँक मात्र हवी.

हलवायचंच असेल, तर आधी नवा फोन तपासा. डायलरवर *#०६# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा ३२ अंकी आकडा दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ती नसते, आणि असे फोन परदेशातल्या दुकानांत मिळतात. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवरच हे करून बघा. फोन एकाच मोबाइल कंपनीचं सिम चालेल असा लॉक केलेला नाही ना, हेही तिथेच विचारा.

मग ई-सिम कंपनीच्या अ‍ॅपमधल्या चॅटवर लिहा: ‘फोन बदलतोय. उरलेल्या डेटासह हेच ई-सिम नव्या फोनवर मिळेल का? जुन्यातलं कधी काढू?’ सोबत ऑर्डर नंबर आणि नवा ईआयडी द्या. काही कंपन्या नवा कोड पाठवतात. काही म्हणतात, जुन्यातलं काढा, मग तोच कोड परत चालेल. तसं लेखी आलं तरच डिलीट करा, आणि तेही इंटरनेट चालू असताना, कारण डिलीट झाल्याची खबर सर्व्हरपर्यंत पोचली तरच कोड मोकळा होतो. सरळ नाही म्हणाले, तर नव्या फोनवर छोटा पॅक विकत घ्या. वाद घालण्यात सहलीचा दिवस घालवू नका.

आयफोनवरून आयफोनवर जाताना सेटिंग्जमध्ये मोबाइल सर्व्हिस, अ‍ॅड ई-सिम आणि मग जवळच्या आयफोनवरून ट्रान्सफर हा पर्याय दिसतो. तो कंपनीने सोय दिली असेल तरच चालतो, आणि ट्रॅव्हल ई-सिमला बरेचदा ती नसते. मग कंपनीने पाठवलेला किंवा मोकळा करून दिलेला क्यूआर कोडच वापरा. जुन्या फोनवर ईमेल उघडून कोड मोठा करा आणि नव्या फोनचा कॅमेरा त्यावर धरा. हे सगळं चांगल्या वायफायवर करा, अर्ध्यात तोडू नका. सिग्नल आला पण नेट नाही, असं झालं तर नव्या ई-सिमच्या लाइनचं डेटा रोमिंग चालू आहे का बघा. बहुतेक वेळा अडचण तिथेच असते. तेही चालू असेल, तर कंपनीने दिलेला एपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीचं नाव, सेटिंग्जमध्ये टाका. कंपनीने आधीच काढायला सांगितलं नसेल, तर नव्या फोनवर नेट नीट चालू झाल्यावरच जुन्यातली लाइन काढा.

राहिलं भारतातलं सिम. ते जुन्याच फोनमध्ये राहू द्या, त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवून. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स सिम आणि फोन या जोडीला बांधलेली असतात. सिम हलवलं की परदेशातून पुन्हा नोंदणी करायची वेळ येते. नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना ओटीपी जुन्या फोनवर येईल, तो बघून टाइप करा. भारतातला नंबरही ई-सिमवर असेल, तर तो नव्या फोनवर हलवायचं काम घरी आल्यावरच करा: सिम बदललं की नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही नाही.