ल्युपस असेल तर बरं वाटत असतानाच काय काय सांभाळायचं

ल्युपसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजाराचं, निदान झालं की पहिला प्रश्न येतो तो हाच, हे पूर्ण बरं कधी होणार. मुळापासून घालवणारं औषध अजून नाहीये, पण आजार शांत ठेवता येतो, वर्षानुवर्षं ठेवता येतो, आणि माझ्या मते त्याचा निकाल लागतो तो बरं वाटत असतानाच्या दिवसांत. दुखायला लागलं की सगळेच गोळ्या वेळेवर घेतात हो, घोळ होतो तो सांधे शांत झाले, अंगावरचं रॅश गेलं, की मग!

सगळ्यात आधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे एचसीक्यू. काही खास कारण आड येत नसेल तर ही गोळी ल्युपसच्या जवळपास प्रत्येक पेशंटला देतात. ती हळू काम करते, फरक जाणवायला दीड ते तीन महिने जातात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे पंधरा दिवसांत काहीच झालं नाही म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणून तर अजिबातच सोडू नका, कारण आजार परत उसळू नये म्हणूनच ती चालू असते. डोळे खराब होतात असं ऐकून खूप जण परस्पर बंद करतात. धोका आहे, खोटं नाही, पण तो डोस आणि वर्षं यांच्यावर अवलंबून असतो. रोजचा डोस साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, सुरुवातीला एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी, किडनी कमजोर असेल तर ५ वर्षं थांबायचं नाही, आधीपासूनच. सिगरेट ओढत असाल तर ती सोडा, तिच्यामुळे आजारही चिघळतो आणि या गोळीचा परिणामही कमी होतो असं दिसतं.

स्टिरॉइडबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण घाबरून घेतच नाहीत, काही जण लगेच बरं वाटतं म्हणून मनानेच चालू ठेवतात. आजार भडकला की त्याची गरज पडते, तेव्हा घ्यायचंच. पण नंतर डोस कमी करत आणायचा, हल्ली डॉक्टर रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (नेहमी दिलं जाणारं स्टिरॉइड) किंवा त्याहून कमी आणि जमलं तर पूर्ण बंद असं धरून चालतात, त्यासाठीच अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा बेलिमुमॅबसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं जोडतात. काही आठवडे सलग घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवणं मात्र धोक्याचं, शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवायचं मंदावलेलं असतं, बीपी एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं.

आता लघवीची तपासणी. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. ल्युपस किडनीत शिरतो तेव्हा सुरुवातीला काहीही दुखत नाही, लघवीला फेस, पायावर सूज, वाढलेलं बीपी हे दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून दर काही महिन्यांनी लघवीतलं प्रोटीन, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सी३, सी४ आणि अँटी डीएसडीएनए (आजार किती जागा आहे त्याचा अंदाज येतो), डॉक्टर सांगतील त्या अंतराने, तब्येत ठणठणीत असली तरी. रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा, कारण एका आकड्यापेक्षा तो वर चाललाय की खाली हे जास्त सांगून जातं. प्रोटीन वाढलं आणि बायोप्सी (किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं) सांगितली तर पुढे ढकलू नका, किडनीत नेमकं काय चाललंय ते त्यातूनच कळतं आणि औषध त्यावर ठरतं.

उन्हाने फक्त त्वचा नाही, आतला आजारही उसळू शकतो. एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन भरपूर लावायचं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत, ढग असले तरी. खिडकीच्या काचेतूनही यूव्हीए किरणं येतात हे लक्षात असू द्या.

ताप आला तर ल्युपसच वाढलाय असं घरच्या घरी ठरवून स्टिरॉइड वाढवायचं नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ३८ सेल्सियसच्या वर ताप म्हणजे इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखणं, दम लागणं, फिट येणं, एकाच पायाला अचानक सूज, यात तर थेट इमर्जन्सी. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, किडनीला त्रास होतो. लसी घ्यायच्या, फ्लू आणि न्यूमोनियाच्या तर नक्की, फक्त जिवंत विषाणूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

थकवा हा खरा त्रास आहे, आळस नाही, हे घरच्यांनाही सांगा. रोज थोडं चालल्याने तो कमी होतो, पण हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मन कसं आहे हेही बघून घ्या.

आणि मूल हवं असेल तर होतं, फक्त ठरवून. आजार निदान ६ महिने शांत हवा, मायकोफेनोलेट किंवा मेथोट्रेक्सेट चालू असेल तर बाळासाठी घातक म्हणून ते आधीच बदलून घ्यावं लागतं, एचसीक्यू मात्र गरोदरपणातही चालूच ठेवतात. अँटी रो आणि अँटीफॉस्फोलिपिड या दोन अँटिबॉडी रक्तात आहेत का ते आधीच तपासून घ्या, कारण पहिल्यामुळे बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात आणि दुसऱ्यामुळे रक्ताच्या गुठळ्या, गर्भपात होऊ शकतो. दुसरी पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्याही टाळायच्या, दुसरे पर्याय आहेत ते विचारा.