टायडल टर्बाईनची टीम: शाफ्टचं सील नक्की कोणाकडे?

टायडल टर्बाईन म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहाने फिरून वीज बनवणारं यंत्र, ते बनवायला आम्ही सात जण होतो आणि पहिल्याच मीटिंगला कामं वाटून मोकळे झालो, दोघं ब्लेड डिझाईन, दोघं मेकॅनिकल, दोघं जनरेटर-इलेक्ट्रॉनिक्स आणि रिपोर्ट माझ्याकडे. कागदावर सगळं छान दिसत होतं. पण टँकमधल्या पहिल्याच टेस्टला जनरेटरच्या डब्यात पाणी शिरलं आणि तेव्हा कळलं की शाफ्ट जिथून डब्यात जातो तिथलं पाणी अडवणारं सील कोणी बघितलंच नव्हतं, मेकॅनिकलवाले म्हणाले डबा तुमचा, इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणाले शाफ्ट तुमचा. दोघांनीही आपापलं काम मनापासून केलं होतं, चूक वाटणीतच होती.

म्हणून नवीन टीम असेल तर पार्टची यादी कराच, पण दोन पार्ट जिथे जोडले जातात त्या जागांचीही यादी करा आणि प्रत्येक जागेपुढे एकच नाव टाका. परीक्षेच्या दिवसांत अडायला नको म्हणून अजून एकाला ते काम माहीत असू दे, पण जबाबदार एकच.

जोड फक्त लोखंडाचेच नसतात, आकड्यांचेही असतात. आमचा रोटर 40 सेंमी व्यासाचा, ब्लेडवाल्यांनी प्रवाह 1.5 मीटर प्रति सेकंद आणि टिप स्पीड रेशो 4 (म्हणजे ब्लेडच्या टोकाचा वेग प्रवाहाच्या चौपट) धरला होता, म्हणजे शाफ्ट साधारण 285 आरपीएमने फिरणार, आणि त्यावरूनच जनरेटर घेतला. टँक बुक करायचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं, शेवटी मी केलं आणि तिथे जास्तीत जास्त वेग किती मिळतो हे विचारलंच नाही. मिळाला फक्त 1 मीटर प्रति सेकंद. पॉवर वेगाच्या घनाने बदलते त्यामुळे ती डायरेक्ट 30 टक्क्यांवर आली, आरपीएम 190, आणि व्होल्टेज इतकं कमी की कंट्रोलर चालूच होईना. वेग, आरपीएम, टॉर्क, व्होल्टेज हे सगळं एकाच शीटवर हवं आणि त्या शीटचा एक मालक हवा, त्याला सांगितल्याशिवाय कोणी आकडा बदलायचा नाही.

टेस्टिंगला माणूस पहिल्या दिवसापासून द्या, हे मी फार कळकळीने सांगतोय. खऱ्या समुद्रात जाणार असाल तर तुमचं कॅलेंडर भरती-ओहोटी ठरवते, वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते आणि जोरदार प्रवाह मिळतो तो अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाला, ते हुकलं की भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस काढून पुढच्या उधाणापर्यंत थांबा. ती तारीख आधी पक्की करायची आणि बाकीच्यांनी तिथून उलटं मोजत यायचं.

रिपोर्ट ज्याचा त्याने लिहावा, एकाने फक्त जोडावा.

दुसऱ्या वेळी सील इलेक्ट्रॉनिक्समधल्या एका मैत्रिणीने मागून घेतलं. ती प्रत्येक टेस्टच्या आधी डब्यात टिश्यू पेपर ठेवून डबा बादलीत बुडवायची आणि शाफ्ट ड्रिलने फिरवत ठेवायची, कारण नुसतं बुडवून कोरडं राहिलेलं सील फिरताना गळू शकतं. टिश्यू ओला निघाला की टेस्ट कॅन्सल, आणि त्यावर कोणी वाद घालायचं नाही असं आमचं ठरलं होतं.