लेकराच्या तापाचं औषध वजनावरून कसं मोजावं

भादव्यात आपल्याकडे घरोघरी एखादं लेकरू तापलेलं असतं, आणि औषध ठरतं ते वयावरून: 'दोन वर्षांचं आहे ना, दे एक चमचा.' पण तापाच्या नेहमीच्या औषधाचा, म्हणजे पॅरासिटामॉलचा, डोस वजनावर ठरतो. मेळघाटातल्या दोन वर्षांच्या पोराचं वजन ८ किलोही असतं, नागपुरातल्या त्याच वयाच्या पोराचं १३.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर घरी औषध न देता थेट दवाखाना गाठा.

आधी वजन. अंगणवाडीताईंकडे काटा असतो. कार्डावरची नोंद जुनी असेल तर पुन्हा करून घ्या. लेकरू फारच अशक्त असेल, काविळीचं असेल किंवा दोन दिवस पोटात काही नसेल, तर डोस डॉक्टरांनाच विचारा.

मग बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा. खरी गडबड इथंच होते. ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅमचं सिरप मिळतं, २५० चंही मिळतं, आणि ड्रॉप्स तर १ मिलीतच १०० मिलीग्रॅमचे असतात. मागच्या वेळचं १२५ चं होतं, या वेळी मेडिकलवाल्यानं २५० चं दिलं आणि माप तेच ठेवलं, की डोस दुप्पट. ड्रॉप्स चमच्यानं दिले तर विचारूच नका.

आता हिशोब. एका वेळी किलोमागे १५ मिलीग्रॅमपर्यंत. १० किलोच्या लेकराला १५० मिलीग्रॅम, म्हणजे १२५ चं सिरप ६ मिली, २५० चं ३ मिली, ड्रॉप्स दीड मिली. बाटली घेतानाच दुकानदाराकडून किंवा आशाताईंकडून मिलीचा आकडा खोक्यावर लिहून घ्या.

बाटली नीट हलवा. घरातला चमचा नको, प्रत्येक घरचा वेगळा. सोबतचं मापाचं टोपण किंवा बिनसुईची सिरिंज घ्या.

दोन डोसांत ६ तास ठेवा, २४ तासांत चारच्या वर नको. दिलेली वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. नाहीतर आई देते आणि ती वावरात गेली की आजी पुन्हा देते. सर्दीच्या सिरपातही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही मिळून यकृतावर ताण येतो. ताप १०० असून लेकरू खेळत असेल तर औषधाची घाई नाहीच.

तापाची दुसरीही औषधं घरात असतात. डेंग्यूची साथ असताना त्यातलं आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. अ‍ॅस्पिरिन तर लहान मुलांना नाहीच. नाइमसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी देशात बंदी आहे.

झटका आला, धाप लागली, लेकरू उठेना, पाणीही पोटात टिकेना, लघवी थांबली, किंवा चुकून जास्त औषध गेलं, तर १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. जास्त औषध गेलेलं लेकरू पहिल्या दिवशी अगदी ठणठणीत दिसू शकतं, तरी थांबू नका. नुसता ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गडचिरोलीकडे असाल तर मलेरियासाठी पहिल्याच दिवशी.