करायचंय पण उठवत नाही: एडीएचडीवालं डोकं घेऊन रोजची कामं कशी करायची

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि ठरवलेलं काम सुरू करणं अवघड करणारी मेंदूची ठेवण, आहे हे 34व्या वर्षी कळलं, तोपर्यंत मी स्वतःला आळशीच म्हणत आले. आधी एक सांगते, आळस असला की माणूस काम टाकून निवांत बसतो, आणि आपण बसलेलो असतो तेव्हा आत नुसता जीव जळत असतो, ऊठ, ऊठ, आणि तरी उठवत नाही. हा फरक पटला ना की स्वतःला बोल लावण्यात जी ताकद जाते ती वाचते, आणि ती आपल्याला लागणारच आहे.

काम महत्त्वाचं आहे हे समजणं वेगळं आणि ते सुरू करणं वेगळं, एडीएचडीत घोडं अडतं ते सुरू करण्यापाशी. काम आवडीचं असेल, नवीन असेल, किंवा डेडलाइन अगदी उरावर बसली असेल तर तेच डोकं तासन्तास चालतं, म्हणून घरच्यांना वाटतं ही मुद्दाम करते. त्यात वर्किंग मेमरी, म्हणजे आत्ताच्या आत्ता डोक्यात धरून ठेवायचं ते, पटकन निसटतं. त्यामुळे माझा पहिला नियम, डोक्यात काहीच ठेवायचं नाही, जे आहे ते डोळ्यांसमोर. ड्रॉवरमध्ये गेलं की ते संपलंच, म्हणून माझी औषधं टूथब्रशच्या शेजारी उघड्यावर असतात आणि परत करायच्या वस्तू दाराच्या कडीला अडकवलेल्या असतात, दिसायला पसारा दिसतो, दिसू दे.

आता सुरुवात. "कपडे धुवायचे" हे एक काम नाहीये, ते सात-आठ कामांचं गाठोडं आहे आणि मेंदूला ते अख्खं एकदम दिसतं म्हणून तो बसून राहतो. यादीत गाठोडं लिहायचं नाही, पहिली हालचाल लिहायची. "मशीनचं झाकण उघड." बास. मेल पाठवायचा असेल तर "रिप्लाय दाब आणि नमस्कार लिही". तेवढं करून थांबलात तरी चालेल, असं स्वतःला खरंच सांगायचं आणि खरंच थांबूही द्यायचं, नाहीतर पुढच्या वेळी मन त्या वायद्यावर विश्वास ठेवत नाही. आणि तरीही होत नसेल तर कुणालातरी सोबत बसवा. याला बॉडी डबलिंग म्हणतात, समोरच्याने मदत करायची नाही, सूचना तर अजिबात द्यायच्या नाहीत, त्याने त्याचं काम करायचं आपण आपलं. मी मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून म्यूट करून ठेवते, महिनोन् महिने पडून असलेले फॉर्म मी असेच भरलेत.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे दोनच वेळा असतात, आत्ता आणि नंतर कधीतरी. एक आठवडा फक्त लिहून काढा की किती वेळ लागेल वाटलं आणि किती लागला. मला आवरायला 10 मिनिटं लागतात असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते, कपडे शोधण्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत निघाली 35. अलार्म दोन लावा, एक हातातलं थांबवायला, दुसरा निघायला, आणि अलार्मच्या नावात क्रियापद टाका, "चप्पल घाल" असं. फोन दारापाशी ठेवा म्हणजे तो बंद करायला उठावंच लागतं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, की ह्या सगळ्या युक्त्या काही आठवड्यांनी शिळ्या होतात. नवेपणा गेला की भिंतीवर लावलेला कामांचा बोर्ड दिसेनासाच होतो. तेव्हा आपण परत हरलो असं धरून बसू नका, बोर्डाची जागा बदला, रंग बदला, जुनी वही काढा, काही महिन्यांनी तीच पहिली युक्ती परत चालते.

आवाज, ट्यूबलाइट, कपड्याचं लेबल याने डोकं फुटायची वेळ येत असेल तर ते नाटक नाही. ऑटिझममध्ये हे खूप दिसतं, एडीएचडीतही बऱ्याच जणांना होतं, आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतं, पण डीएसएम या निदानाच्या मॅन्युअलनुसार 2013 पर्यंत दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती. अशा वेळी हेडफोन, अंधारी खोली, आणि कुठलाही निर्णय नको. घरच्यांनी प्रश्नांची सरबत्ती करू नये, एकच विचारावं, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं.

निदानासाठी सायकियाट्रिस्टकडेच जा, ऑनलाइन टेस्टवर थांबू नका. ते लहानपणाबद्दल विचारतील कारण काही लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, आणि नुसत्या ऑफिसात नाही तर एकाहून जास्त ठिकाणी, म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर घेऊन जा. शांत बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलींचं निदान बऱ्याचदा राहूनच जातं. थायरॉइड, अपुरी झोप, अँग्झायटी यांनीही लक्ष उडतं, तेही तपासून घ्या. औषधं मनाने सुरू किंवा बंद करू नका, काहींचा असर त्याच दिवशी कळतो, अ‍ॅटोमॉक्सेटिनसारख्याला काही आठवडे लागतात.

आणि आवडीचं कामसुद्धा नकोसं झालं असेल, दोन आठवडे असंच चाललं असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं, एडीएचडीच्या जोडीने ते येतं आणि त्यावर वेगळा इलाज लागतो. जगूच नये असं मनात येत असेल तर आज, आत्ता कुणालातरी सांगा, एकटे राहू नका, इमर्जन्सीला फोन करा.

वाईट दिवसाची यादी चांगल्या दिवशी लिहून ठेवायची, कारण त्या दिवशी काही सुचत नाही. माझी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीये. औषध घे. पाणी पी. तोंड धू. बहिणीला "आज वाईट दिवस" एवढाच मेसेज कर, ती काही विचारत नाही, संध्याकाळी येऊन बसते.