पोरगं सारखं "पोट दुखतंय" म्हणतंय? मग आधी हे बघा

सारखं पोट दुखणं कधीकधी मनाच्या त्रासाचंही असतं. त्या त्रासाचे आधी आकडे सांगते, कारण "आमच्याच घरात हे कुठून आलं" या प्रश्नात आईबापांचे महिने जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 10 ते 19 वयातल्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय सर्व्हे केला, त्यात 13 ते 17 वयात 7.3 टक्के निघाले, मोठ्या शहरांत 13.5 टक्के आणि खेड्यांत 6.9 (त्या सर्व्हेत महाराष्ट्र नव्हता, पण आपली पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत). आता हे वर्गावर बसवून बघा. आपल्याकडे साठ पोरांचा वर्ग म्हणजे नवल नाही, म्हणजे एका वर्गात कमीत कमी चार आणि शहरात आठ. हे आकडे आजाराचे आहेत बरं का, युनिट टेस्टला मार्क कमी पडले म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसलेल्यांचे नाहीत.

आणि एक, जवळपास एक तृतीयांश मानसिक आजार वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवी-नववीतच, आणि जवळपास निम्मे अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. पंचविशीत ज्याला "अचानक डिप्रेशन आलं" म्हणतो त्याचं बरेचदा शाळेतच सुरू झालेलं असतं, फक्त तेव्हा त्याला आळशी किंवा हट्टी म्हणून सोडून दिलेलं असतं.

आता पोटाचं. सोमवारची सकाळ, युनिफॉर्म घातलाय, डबा भरलाय, खाली व्हॅनवाले काका हॉर्न मारतायत आणि नेमकं तेव्हाच पोरगं पोट धरून सोफ्यावर बसतं. ओवा देऊन झाला, जंताचं औषध देऊन झालं, सोनोग्राफी नॉर्मल आली. दहा वाजेपर्यंत पोट थांबतं आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "बघा, नाटकं आहेत नुसती." नाटकं नसतात हो. भीतीने, टेन्शनने पोट खरोखर दुखतं, मोठ्यांना नाही का इंटरव्ह्यूच्या आधी चार वेळा बाथरूमला जावं लागत. लहान मुलांना "मला अस्वस्थ वाटतंय" असं सांगता येत नाही, त्यांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, उलटीसारखं होतं.

तर पहिलं काम, भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि ज्या दिवशी दुखलं त्या तारखेवर पेनने टिंब करा, बाजूला त्या दिवशी शाळेत काय होतं ते एका शब्दात लिहा: गणित, पीटी, तोंडी परीक्षा. दोनतीन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. टिंबं फक्त पीटीच्या दिवशी असतील तर प्रश्न बहुतेक पीटीच्या तासाचा आहे, कोणीतरी त्रास देत असेल. रविवारीही असतील, रात्री झोपेतून उठून रडत असेल, वजन उतरत असेल तर पोटाची तपासणी परत करा, सगळंच मनावर ढकलू नका.

मोठ्या मुलांचं वेगळं असतं. आपल्याला वाटतं डिप्रेशन म्हणजे रडणं, पण टीनएजर बरेचदा रडत नाही, खेकसतो. दार आपटतो, जेवायला बोलावलं तरी अंगावर येतो. "वयच तसं आहे" हे अर्ध्या वेळा खरंही असतं, मग फरक कसा ओळखायचा? मी तीन गोष्टी बघायला सांगते. किती दिवस चाललंय, दोन आठवड्यांहून जास्त रोजच असेल तर कान टवकारा. किती ठिकाणी आहे, फक्त घरात चिडतो आणि मित्रांत हसतखेळत असतो तर तेवढी काळजी नको, पण क्रिकेटही सोडलं, क्लासलाही जात नाही, मित्रांचे फोनही उचलत नाही असं असेल तर ते नुसतं वय नाही. आणि काय अडतंय, म्हणजे झोप, जेवण, शाळा, यातलं काय बिघडलंय. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, उशिरा झोप येणं हेही वयाचंच असतं, त्यामुळे सुट्टीत अकरापर्यंत लोळतो हा आजार नाही. शांत मुलींकडे जास्त लक्ष द्या असं मला वाटतं. दंगा करणाऱ्या मुलाची तक्रार शाळेतून येतेच, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीची कोणी करत नाही.

बोलायचं कसं? समोर बसवून "काय झालं सांग" म्हणाल तर "काही नाही" हेच उत्तर येणार. स्कूटीवर मागे बसलेलं पोरगं जास्त बोलतं कारण तोंड दिसत नाही, किंवा मटार सोलताना. जे बघितलंय तेच सांगा: "तू महिनाभर ग्राउंडवर गेला नाहीस, मला काळजी वाटते." एवढं बोलून गप्प बसा, हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" नको, शेजारच्या काकूंची मुलगी नको, आणि पहिल्याच वाक्यात मोबाईल तर नकोच.

मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात भलतं शिरत नाही, उलट मुलाला मोकळं व्हायला जागा मिळते. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या आणि शेतावरचं फवारणीचं औषध कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा सिव्हिल हॉस्पिटल. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आईबापांनीही फोन करावा, तो काही फक्त मुलांसाठी नाही.

एवढं गंभीर नसेल तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. आपल्याकडे 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना ॲनिमिया आहे, हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडचा घोळ असला तरी मूल मरगळलेलं दिसतं. मग पुढे. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट आणि थेरपी (म्हणजे बोलून केलेले उपचार) करतो, त्याचा आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर बिनधास्त विचारा, कारण नुसती काउन्सेलरची पाटी कोणीही लावतो. पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि बऱ्याच सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं. सौम्य त्रासात बरेचदा नुसत्या थेरपीवर भागतं. गोळ्या दिल्याच तर पहिले काही आठवडे मुलावर नीट लक्ष ठेवा आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

आजीला अंगारा लावायचाय, दृष्ट काढायचीय तर काढू दे, त्यावरून घरात महाभारत नको, फक्त अपॉइंटमेंट चुकवायची नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं अक्षरही टाकू नका. शाळेत मात्र वर्गशिक्षकांना तरी सांगा, आणि प्रश्न लर्निंग डिसॅबिलिटीचा (वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकायलाच अडचण) निघाला तर सर्टिफिकेट वेळेत काढा, दहावी-बारावीला बोर्ड जादा वेळ आणि लेखनिक देतं, पण ऐन जानेवारीत धावपळ करून ते होत नाही.

पहिल्या भेटीला जाताना ते कॅलेंडर, गेल्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी न्या. डॉक्टर म्हणाले "तुम्ही जरा बाहेर बसा" तर राग मानू नका, मुलाशी एकट्याने बोलणं हा त्यांच्या तपासणीचाच भाग असतो. आणि बाहेर आल्यावर लिफ्टमध्येच "काय काय विचारलं रे" सुरू करू नका, सांगायचं असेल तर तो सांगेल, तुम्ही पुढची तारीख घ्या.