शिक्षणसेवक ते कायम शिक्षक: खासगी अनुदानित शाळेतली पहिली तीन वर्षं

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालं की आपण शिक्षक झालो, असं डी.एड., बी.एड.च्या वर्गांत अजूनही बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात टीईटी हे फक्त दार. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, प्रत्येकी 150 गुण. खुल्या प्रवर्गाला पास व्हायला 60 टक्के लागतात. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत गेली, आता ते आयुष्यभर चालतं.

भरतीची गुणवत्ता यादी लागते ती टेटवर, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर. 200 गुण, दोन तास. इथे पास-नापास नाही, त्यामुळे 'निघेल कशीबशी' ही तयारी चालत नाही. पुढे पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, स्वप्रमाणपत्र भरताना घाई नको. पदवीचा विषय, माध्यम, प्रवर्ग यांत इथे झालेली चूक पुढे कागदपत्र पडताळणीत अंगाशी येते.

निवड झाली की तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मासिक मानधनावर काम. मानधन 1 जानेवारी 2023पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये. खरी कसोटी याच काळात लागते, आणि ती वर्गात कमी, फायलीत जास्त.

नियुक्ती आदेश हातात आला की आधी नीट वाचा. पद, विषय, वेतनाचा प्रकार आणि 'शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षांसाठी' हे शब्द आहेत ना? आदेश नुसताच एका शैक्षणिक वर्षाचा असेल तर पुढे सेवा सलग धरण्यावरून वाद उभा राहतो. रुजू अहवालावर मुख्याध्यापकांची तारखेसह सही आणि आवक क्रमांक घ्या. रुजू होताना कोऱ्या कागदावर किंवा बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही मागितली तर करू नका. 1977च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात राजीनाम्याची पद्धत ठरलेली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला आणि दुसरी स्वतःकडे.

त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, म्हणजे तुमच्या नियुक्तीला त्यांची मंजुरी. प्रस्ताव शाळा पाठवते, पण अडकला की झळ तुम्हालाच बसते. बहुतेकदा तो तुमच्या पात्रतेमुळे अडकत नाही. संच मान्यतेत (शाळेला किती पदं, याची सरकारी मंजुरी) पद मंजूर नसतं, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला, याची नोंदवही) तपासलेली नसते किंवा संस्थेचा ठराव जोडलेला नसतो. म्हणून होकार कळवण्याआधीच या तिन्हींची चौकशी करावी. विचारायला संकोच वाटतो, पण मानधन रखडण्यापेक्षा तो परवडतो. उमेदवाराच्या बाजूने नडतं ते नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, टीईटीवर दुसरं, आधारवर लग्नानंतरचं तिसरं. राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच करून ठेवावी. राखीव जागेवर निवड असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा पाठपुरावा पहिल्याच महिन्यात सुरू करा.

मान्यतेनंतर शालार्थ आयडी, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतला तुमचा क्रमांक. तो मिळाल्याशिवाय शालार्थ प्रणालीत नाव चढत नाही आणि नाव चढल्याशिवाय पगाराचं बिल निघत नाही. मान्यता पत्रातलं नाव, जन्मतारीख आणि रुजू दिनांक यांत एका अक्षराचाही फरक असला तर तो त्याच आठवड्यात लेखी कळवावा. पुढे याच पत्रावरून बाकी नोंदी होतात.

तीन वर्षं भरण्याच्या महिनाभर आधी नियमित वेतनश्रेणीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत मूळ मान्यतेची प्रत, हजेरीचा दाखला, समाधानकारक सेवेचे अहवाल आणि संस्थेचा ठराव लागतो. बिनपगारी रजा किती झाली हे इथे मोजलं जातं, तेव्हा रजेचे मंजुरी आदेश जपून ठेवलेले बरे. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन प्राथमिकला 29,200 आणि प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाला 38,600 रुपयांपासून सुरू होतं. सेवापुस्तक लगेच भरून घ्या, प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा.

मधेच सेवा संपवल्याचा आदेश आला तर संस्थेच्या दारात खेटे घालत बसू नका. शाळा न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांची आहे. आदेशाचा लिफाफा फेकू नका, मिळाल्याची तारीख त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येते.